रिकाम्या रकान्यांचं काय करायचं? मास्टर्स बायोस्टॅटिस्टिक्समध्ये की डेटा सायन्समध्ये

मास्टर्स बायोस्टॅटिस्टिक्समध्ये, म्हणजे आरोग्यक्षेत्रातल्या संख्याशास्त्रात, करावं की डेटा सायन्समध्ये? दोन्हीकडे रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांत मांडण्याची पद्धत) असतं, दोन्हीकडे आर किंवा पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषा असतात, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. मी आधी डेटा सायन्सला प्रवेश घेतला, एक सत्र पूर्ण केलं आणि मग बायोस्टॅटिस्टिक्सकडे वळलो. पदवी त्यातच घेतली. म्हणजे एका बाजूचा माझा अनुभव एका सत्राचा आणि दुसरीचा पूर्ण अभ्यासक्रमाचा, एवढं वाचताना लक्षात असू द्या.

ते एक सत्र वाया गेलं असं मला अजिबात वाटत नाही. कोड दुसऱ्याला वाचता येईल असा कसा लिहावा, गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) कसा ठेवावा, मोठ्या डेटाबेसमधून हवं तेवढंच कसं काढावं, हे मी तिथेच शिकलो. बायोस्टॅटिस्टिक्सला गेल्यावर हे कुणी मुद्दाम शिकवलं नाही आणि त्याची उणीव वर्गात सगळ्यांनाच जाणवायची. एक्स-रेच्या प्रतिमा, डॉक्टरांच्या टिपणांमधला मजकूर असं काही हाताळायची ओढ असेल, तर डेटा सायन्सची तयारी उजवी आहे. शिवाय पुढे आरोग्यक्षेत्र सोडावंसं वाटलं तरी त्या पदवीला दारं जास्त उघडी असतात. हा मुद्दा लहान नाही.

मी अडलो तो एका असाइनमेंटपाशी. जुनाट दुखण्याच्या रुग्णांची फाईल होती. एका ओळीत एक रुग्ण, आणि दहापैकी किती दुखतं याचे तीन रकाने: सुरुवातीला, तिसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात. शेवटच्या रकान्यात जागोजागी रिकाम्या जागा. सूचना अशी होती की रिकाम्या जागी रकान्याची सरासरी भरा आणि मॉडेलकडे वळा. कोडची एक ओळ. मी विचारलं, ही माणसं सहाव्या महिन्यात आलीच का नाहीत? त्याचा या असाइनमेंटशी संबंध नाही, असं उत्तर मिळालं. शिकवणाऱ्यांचं त्यांच्या जागी बरोबर असेल, तो धडा मॉडेलचा होता. पण माझं मन तिथून पुढे सरकेना.

का, ते साध्या आकड्यांत मांडतो. समजा, एक औषध घेणारे १०० जण आहेत आणि सुरुवातीला सगळ्यांचं दुखणं ७ आहे. सहा महिन्यांनी ६० जण आले, त्यांची सरासरी ३. उरलेल्या ४० जागी ३ भरला की औषधाने दुखणं ४ अंकांनी उतरवलं असं दिसतं. पण ते ४० जण गुण आला नाही म्हणूनच यायचे थांबले असतील आणि त्यांचं दुखणं अजून ७ असेल, तर खरी सरासरी ४.६ येते. म्हणजे उतार फक्त २.४ अंकांचा. फाईल तीच, औषध तेच. फरक पडला तो न आलेल्या माणसांबद्दल आपण काय धरलं याने.

बायोस्टॅटिस्टिक्समध्ये याच प्रश्नावर आमचे कित्येक तास गेले. डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या चौकटीवर हा विषय उभा आहे: रिकामी जागा निव्वळ योगायोगाने राहिली, की नोंदलेल्या माहितीवरून ती समजून घेता येते, की जे नोंदलंच गेलं नाही त्यातच तिचं कारण दडलं आहे? यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शक्यतेत निवड करायला हातातले आकडे पुरत नाहीत. आपण काय गृहीत धरलं ते लिहून ठेवावं लागतं, ते बदललं तर निष्कर्ष टिकतो का हे तपासावं लागतं आणि ज्यांनी रुग्ण पाहिले त्यांना विचारावं लागतं. आपल्या विषयात माणसांना विचारणं हा गणिताचाच भाग आहे, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

हीच वृत्ती पुढे सगळीकडे दिसते. पाच वर्षांत दगावला की नाही, असा हो-नाहीचा रकाना केला, की दोनच वर्षं पाठपुरावा झालेल्या रुग्णाचं काय करायचं कळत नाही. त्याला वगळलं तर माहिती जाते, 'नाही'त टाकलं तर ते खोटं ठरतं. कापलान-मायर यांची १९५८ ची पद्धत आणि कॉक्स यांचं १९७२ चं मॉडेल त्या दोन वर्षांचा दोनच वर्षं म्हणून हिशेब धरतात. औषधचाचण्यांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनेला २०१९ मध्ये जी पुरवणी जोडली गेली, तीही हेच मागते: मध्येच औषध सोडलेल्या रुग्णाबाबत तुम्ही नेमका कोणता प्रश्न विचारत आहात, हे आधी ठरवा.

डेटा सायन्समध्ये हे शिकवतच नाहीत असं मी म्हणणार नाही, काही ठिकाणी उत्तम शिकवत असतील. आणि कोणता रुग्ण महिनाभरात पुन्हा भरती होईल एवढाच अंदाज हवा असेल, तर त्यांची वाट पुष्कळदा जवळची पडते. औषधामुळेच गुण आला का, असं विचारायचं असेल तर मात्र माझा कल कुठे आहे हे आतापर्यंत लक्षात आलं असेल.

बायोस्टॅटिस्टिक्समध्ये त्रास नाही असंही नाही. अनुमानशास्त्राचा, म्हणजे थोड्या नोंदींवरून सगळ्यांबद्दल निष्कर्ष काढण्यामागच्या गणिताचा, पेपर अनेकांना जड जातो. कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्सची उजळणी आधीच करून ठेवा. सॅस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर शिकताना जुनाट वाटतं, पण औषध उद्योगात ते अजून रुळलेलं आहे, तेव्हा कंटाळा करू नका.

शेवटी, पदवीच्या नावावर जाऊ नका, एकाच नावाचे दोन अभ्यासक्रम आतून फार वेगळे निघतात. सर्व्हायव्हल ॲनालिसिस (वरच्या कापलान-मायर आणि कॉक्स यांच्या पद्धतींचा विषय) आणि एकाच रुग्णाच्या पुन्हा पुन्हा घेतलेल्या नोंदींचा पेपर सक्तीचा आहे की ऐच्छिक, ते पाहा. संशोधकांना प्रत्यक्ष सल्ला देण्याचं सत्र आहे का, ते विचारा. बायोस्टॅटिस्टिक्स घेत असाल, तर प्रोग्रामिंगचा एक भक्कम पेपर बाहेरच्या विभागातून घेता येतो का हेही पाहा. आणि डेटा सायन्सला प्रवेश झालाच असेल, तर सार्वजनिक आरोग्य विभागातला रिकाम्या नोंदींवरचा पेपर ऐच्छिक म्हणून मागून घ्या. बहुतेकदा जागा असते.