लेव्ही की बेनिफिट चार्ज? फायर डिस्ट्रिक्टच्या मतदानाआधी

वॉशिंग्टन राज्यात राहणाऱ्या आणि नुकतंच नागरिकत्व मिळालेल्या आपल्या दोन-तीन मित्रांनी एकच प्रश्न विचारला, म्हणून हे सविस्तर लिहितोय. टपालाने आलेल्या मतपत्रिकेवरची माणसांची नावं समजतात. पण खाली फायर डिस्ट्रिक्टचं, म्हणजे अग्निशमन दल चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचं, एक प्रपोझिशन (मतासाठी ठेवलेला प्रस्ताव) असतं, त्यापाशी पेन थांबतं. अग्निशमन दलाचा सगळा खर्च मिळकतकरातून, म्हणजे लेव्हीतून चालू ठेवायचा, की लेव्ही कमी करून तिच्या जोडीला ‘फायर बेनिफिट चार्ज’ लावू द्यायचा?

मी दोन्ही पद्धतींत पैसे भरले आहेत. पहिली कितीतरी वर्षं ग्रीन कार्डवर होतो. कर भरायचो, पण मत नव्हतं. पिंपरी-चिंचवडला आमच्या घराच्या बिलात अग्निशामक कराची ओळ असायची, तिच्यावर आपलं मत कुणी विचारेल हे कधी मनातही आलं नव्हतं. त्यामुळे इथे पहिल्यांदा विचारलं गेलं तेव्हा मी तो कागद फार मन लावून वाचला.

लेव्ही आपल्या ओळखीची आहे. घराची आणि जमिनीची मिळून जी असेस्ड व्हॅल्यू, म्हणजे काउंटीने ठरवलेली किंमत, तिच्यावर दर हजार डॉलरमागे अमुक इतकं. फायर डिस्ट्रिक्टला जास्तीत जास्त दीड डॉलर घेता येतो. बेनिफिट चार्ज लागू केला की ही मर्यादा एक डॉलरवर येते, आणि उरलेला पैसा इमारतीच्या हिशेबाने गोळा होतो: बांधकाम किती चौरस फूट, वापर कशासाठी, आग लागली तर विझवायला किती पाणी आणि किती माणसं लागतील. या हिशेबात जमीन येत नाही.

माझा कल इथेच ठरला.

आमचं घर सत्तरच्या दशकातलं, एकमजली, चौदाशे चौरस फुटांचं. काउंटीकडून दरवर्षी किमतीचं पत्र येतं, त्यात जमिनीचा आकडा वेगळा आणि घराचा वेगळा असतो. आमच्या पत्रात तीन चतुर्थांशाहून जास्त किंमत जमिनीची आहे. २०२४ साली ईस्टसाइडला, म्हणजे सिएटलच्या पूर्वेकडच्या भागात, लाइट रेल सुरू झाली, त्याच्या आधीपासूनच आमच्या भागातल्या जमिनी चढत होत्या. घर तेच, छप्पर तेच, चुलीपाशी माणसं तेवढीच. तरी अग्निशमनाच्या खर्चातला आमचा वाटा वाढत गेला. त्याच डिस्ट्रिक्टमध्ये जरा लांबच्या टेकडीवर एका स्नेह्यांचं नवं घर आहे. तीन हजार चौरस फूट, दोन मजले, आणि एकूण किंमत जवळजवळ आमच्याइतकीच, कारण तिथली जमीन स्वस्त. दोघांची फायर लेव्ही सारखी. बंब त्यांच्याकडे गेला तर काम जास्त, आमच्याकडे आला तर कमी. आमच्या वस्तीत जमिनीला आग लागत नाही, लागते ती घराला. कॅस्केड्स डोंगररांगेच्या पलीकडे, वणव्याच्या मुलखात राहणाऱ्यांचा हिशेब वेगळा असेल, हे मान्य आहे.

बेनिफिट चार्जच्या सूत्रात बहुतेक ठिकाणी क्षेत्रफळाचं वर्गमूळ घेतात. म्हणून त्यांचं घर आमच्या दुपटीहून मोठं असलं तरी आकार साधारण दीडपट येतो. मला हे प्रमाण रास्त वाटलं. स्प्रिंकलर बसवलेले असतील तर बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये सूटही मिळते. आमच्यापुरतं सांगायचं तर कमी झालेली लेव्ही आणि चार्ज मिळून वर्षाला दोनशे-अडीचशे डॉलर कमी भरावे लागले. तुमचा आकडा उलटाही येऊ शकतो. मोठं घर आणि लहान प्लॉट असेल तर तो वाढेलच.

आता लेव्हीच्या बाजूने. तिच्यावर लगाम आहे. नवी बांधकामं सोडली तर डिस्ट्रिक्टला मिळणारी एकूण रक्कम वर्षाला एक टक्क्याहून जास्त वाढवता येत नाही. जास्त हवी असेल तर ‘लिड लिफ्ट’, म्हणजे ही मर्यादा ओलांडायची परवानगी, मागायला लोकांसमोर यावं लागतं. (घराची किंमत वीस टक्के वाढली म्हणजे दलाला वीस टक्के जास्त मिळाले, असं आपल्यातले बरेच जण समजतात. तसं होत नाही, दर खाली येतो.) पण जवानांचे पगार, बंबाची किंमत, विमा हे एक टक्क्यात बसत नाही, म्हणून दर काही वर्षांनी तेच मागणं पुन्हा येतं. बेनिफिट चार्जला ही एक टक्क्याची मर्यादा नाही. तो चालवण्याच्या खर्चाच्या साठ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो आणि दरवर्षी किती घ्यायचा हे निवडून आलेले कमिशनर जाहीर सुनावणी घेऊन ठरवतात. हा मुद्दा मला आजही थोडा टोचतो. म्हणूनच पहिल्यांदा लागू करायला साठ टक्के मतं लागतात, आणि मुदत साधारणपणे सहा वर्षांची असते, हे बरं आहे. सुनावणीला मी एकदा गेलो होतो. समोर मोजून सात माणसं होती, आपल्यापैकी मी एकटा.

आणखी एक. लेव्ही फेडरल कराच्या वजावटीत धरता येते, बेनिफिट चार्ज सहसा येत नाही. राज्य आणि स्थानिक करांच्या या वजावटीची कमाल मर्यादा दहा हजार डॉलर होती तेव्हा बहुतेकांना फरक पडत नव्हता. २०२५ साली ती चाळीस हजार झाली, तेव्हा सध्याचं काय ते आपल्या सीपीएला (कर सल्लागाराला) विचारून घ्या.

लोक मला एक आक्षेप नेहमी सांगतात: दलाला येणारे बहुतेक फोन आगीचे नसतात, आजारपणाचे असतात, मग घराच्या आकाराचा संबंध काय? आक्षेप खरा आहे. बाबा आमच्याकडे आले असताना एका रात्री त्यांच्या छातीत दुखायला लागलं. ९११ ला फोन केला. दारात आधी आला तो फायर इंजिन, त्यातून उतरलेल्या तिघांनी बाबांना ऑक्सिजन लावला, आणि पॅरामेडिक मागून पोचले. किती मिनिटं लागली ते घड्याळात बघायचं सुचलं नाही. आईचं देवघरातलं स्तोत्र पूर्ण व्हायच्या आत ते घरात होते, एवढं आठवतं. बाबा वाचले. त्या रात्री आमचं घर चौदाशे फुटांचं की चार हजारांचं, याला काहीच अर्थ नव्हता. पण किंग काउंटीत मेडिक वन या पॅरामेडिक सेवेसाठी वेगळी ईएमएस (तातडीच्या वैद्यकीय सेवेची) लेव्ही आहेच. दर सहा वर्षांनी ती मतदारांसमोर येते, २०१९ साली मंजूर झाली तेव्हा दर हजारी २६.५ सेंट होती. पॅरामेडिकचा खर्च तिथून निघतो. स्टेशन, बंब आणि रात्रभर जागी राहणारी माणसं यांचा खर्च मात्र डिस्ट्रिक्टलाच करावा लागतो, आणि तो वाटून घेताना जमिनीपेक्षा इमारत मोजणं मला तरी जास्त पटतं.

तेव्हा जुनं, लहान घर आणि महाग जमीन असेल तर मी चार्जला ‘हो’ म्हणेन, आणि म्हटलंही. मोठं घर असूनही ‘हो’ म्हणणारे माझ्या ओळखीत आहेत. तुमच्या डिस्ट्रिक्टने घरानुसार चार्जचा अंदाज दिला असेल तर आधी तो आकडा काढा आणि काउंटीच्या पत्रातल्या जमिनीच्या आकड्याशेजारी ठेवा. लिफाफ्यावर सही विसरू नका. ड्रॉप बॉक्स मतदानाच्या दिवशी रात्री आठला बंद होतो, तिकीट लावावं लागत नाही.