अर्धे तुमचे, अर्धे माझे : सबसिडीच्या कर्जाचा आमच्या गल्लीतला अनुभव

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, खानापुरात किंवा हुक्केरी-निपाणीकडे तुमची आई, बहीण, जाऊ राहत असेल आणि तिला कुणी "सरकारी सबसिडीचं कर्ज आहे, अर्धे पैसे फेडायचेच नाहीत" असं सांगत असेल, तर तिचं आधार कार्ड आधी कपाटात ठेवायला सांगा आणि मग हे वाचा. आमच्या घरात हे सासूबाईंच्या नावावर घडलं. गल्लीतल्या बऱ्याच घरांत घडलं. ज्या घरांत घडलं नाही, त्यांतल्या काहींनी नुसतं अजून नवऱ्याला सांगितलेलं नाही, असा माझा अंदाज आहे.

आमचं गाव चंदगडच्या हद्दीला लागून. भात, रताळी, थोडे काजू. पुरुष उद्यमबागेत कारखान्यात जातात, बायका शेतात, नाहीतर घरी शिलाई. रताळी बाजारात जाईपर्यंत हातात रोकड नसते आणि नेमका त्याच दिवसांत खर्च येतो : कौलं शेकारायची असतात, शाळेची फी असते, कुणाचं तरी बाळंतपण असतं. अशा वेळी गावात पैसे देणारे आहेतच. शेकडा पाच रुपये महिना, म्हणजे वर्षाला साठ टक्के. ते पाच रुपये ऐकायला इतके लहान वाटतात की साठचा हिशेब कुणी करत नाही.

ती बाई याच फटीतून आत आली. बाहेरची नव्हती. आमच्याच भावकीत लांबून नातं, पूर्वी बचत गटाचं पुस्तक लिहायची, हळदीकुंकवाला सगळ्यांकडे यायची. सगळ्या तिला अक्का म्हणायच्या. बोलणं अगदी साधं : "पन्नास हजार मंजूर होतात. पंचवीस तुम्ही ठेवायचे, ते सबसिडीचे. पंचवीस मला द्यायचे, हप्ते सगळे मी भरते. तू कशाला भितीस गे, मी हाय की!"

सासूबाई काही भोळ्या नाहीत. बाजारात रताळ्याच्या पोत्यामागे दोन रुपये कमी मिळाले तर दलालाशी भांडून घेणाऱ्या आहेत. त्यांनी आधी बघितलं. पहिल्या गटातल्या बायकांना पंचवीस हजार खरोखर मिळाले. कुणी घर शेकारलं, कुणी मुलीच्या डिप्लोमाची फी भरली. पुढचे काही महिने हप्तेही वेळेवर गेले. ठकवणाऱ्याची खरी हुशारी त्या काही महिन्यांत असते. पहिल्या गटाचे हप्ते दुसऱ्या गटाकडून घेतलेल्या पंचवीस हजारांतून जात होते आणि दुसऱ्याचे तिसऱ्यातून. नवीन बायका मिळायच्या थांबल्या की हे सगळं बसणार होतं, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत असणार.

सबसिडी वगैरे काही नव्हतं. कर्ज सरकारचं नव्हतंच. ते होतं रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या मायक्रोफायनान्स कंपन्यांचं, ज्यांना आपल्याकडे फायनान्सवाले म्हणतात. कंपन्या खऱ्या, कर्ज खरं, व्याजही खरं. खोटी होती ती मधली बाई. म्हणूनच पुढे सोडवणं अवघड गेलं. सही सासूबाईंची, अंगठा सासूबाईंचा, पैसे सासूबाईंच्या खात्यात आलेले.

कंपनीचा माणूस घर बघायला यायचा तेव्हा काय बोलायचं हे अक्काने पढवून ठेवलं होतं. कर्ज कशाला, असं विचारलं की म्हणायचं, म्हैस घ्यायचीय. त्यामुळे कागदोपत्री आमच्या गल्लीत इतक्या म्हशी झाल्या की डेअरीवाल्याने दुसरी गाडी लावायला हवी होती. त्या माणसानेही गोठा कुठंय, असं कुणाला विचारलं नाही. त्याला महिन्याचं टार्गेट असतं. ही बाई आयते दहा-दहाचे गट करून देत होती, मग तो कशाला गोठा शोधेल?

एकेका बाईच्या नावावर तीन-तीन कर्जं कशी झाली, हा प्रश्न मला नंतर पडला. त्याचं उत्तर असं, की कंपन्या कर्ज देण्याआधी क्रेडिट ब्युरोत, म्हणजे कुणाच्या नावावर किती कर्ज आहे याची नोंद ठेवणाऱ्या संस्थेत, बघतात खऱ्या, पण तेव्हा ब्युरोकडे माहिती महिन्याला एकदा जायची. (१ जानेवारी २०२५ पासून ती पंधरा दिवसांनी जाऊ लागली.) अक्काने काही आठवड्यांत तीन कंपन्यांचे गट उरकले, म्हणजे एकीचं कर्ज दुसरीला दिसायच्या आत तिसरीचंही मंजूर. नियमाप्रमाणे वर्षाला तीन लाखांपर्यंत मिळकत असलेल्या कुटुंबालाच हे बिनतारण कर्ज मिळतं आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. आमच्या फॉर्मवर मिळकत किती लिहिली होती ते पुढे बघायला मिळालं. तेवढी असती तर कर्ज कशाला काढलं असतं!

फॉर्म कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. सासूबाई वाचतात, पण बाळबोध अक्षर वाचतात. अक्काने "इथं कर" म्हणून बोट ठेवलं, त्यांनी सही केली. १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या कर्जाबरोबर एक छोटा तक्ता द्यावाच लागतो : वर्षाचा एकूण दर किती, हप्ता किती, फी आणि विमा किती कापला. तो कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असायला पाहिजे, असं रिझर्व्ह बँकेचं म्हणणं आहे. आपण सीमाभागातली माणसं पाटीवरच्या भाषेसाठी इतकं भांडतो. कर्जाच्या कागदासाठी एकदा तरी "मराठीत द्या, नाहीतर सही करणार नाही" म्हणून बघावं. तिथे तर नियम आपल्या बाजूने आहे.

पुढे व्हायचं ते झालं. दुसऱ्या कर्जाच्या वेळी पंचवीसऐवजी पंधराच हातात आले, "राहिलेले पुढच्या आठवड्यात". तिसऱ्या वेळी पाच. सगळे मिळून सासूबाईंना पंचेचाळीस हजार मिळाले आणि नावावर चढले एक लाख चाळीस हजार. मग एका महिन्यात तिन्ही कंपन्यांचे हप्ते चुकले. अक्काचा फोन बंद, घराला कुलूप. कुणी म्हणालं चंदगडला माहेरी, कुणी म्हणालं गडहिंग्लजला, कुणी पुण्याला.

वसुलीवाले मात्र कुलूपबंद घरी गेले नाहीत, आमच्याकडे आले. रात्री जेवणाच्या वेळेला येऊन कट्ट्यावर बसायचे आणि गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचे. मायक्रोफायनान्सच्या वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर यायची मनाई आहे, हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मॅडम, मग सहाच्या आत भरा की." त्याहून वाईट होतं ते गटातलं. एकीने नाही भरलं तर बाकीच्यांनी भरायचं, ही त्या कर्जाची रीतच. काल एकत्र भांगलायला जाणाऱ्या बायका एकमेकींच्या दारात उभ्या राहून ओरडायला लागल्या. एकीने कुणाला न सांगता मंगळसूत्र ठेवलं. ती रक्कम हप्त्यांत गेली आणि मुद्दल जवळपास तसंच राहिलं.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा जे ऐकायला मिळालं ते तुम्हालाही मिळेल : "सही तुमची, पैसे तुमच्या खात्यात, आता आम्ही काय करणार?" आणि दुसरं, "ती बाई महाराष्ट्रात, तिकडे जा." तिकडे गेलो तर "गुन्हा कर्नाटकात घडला." १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कुठल्याही ठाण्याने, हद्द आपली नसली तरी, गुन्हा नोंदवून घ्यायचा आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायचा, अशी सोय आहे. सीमेवर राहणाऱ्याने हे पाठच करून ठेवावं. आम्ही ते छापून नेलं, तेव्हा खुर्ची मिळाली.

तक्रार उभी राहिली ती पासबुकांवर. एकटीचं पासबुक काहीच सांगत नाही. पण सगळ्यांची शेजारी ठेवली तर दिसतं की कर्ज जमा झालं त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी, प्रत्येकीने ठराविक रक्कम रोख काढलीय. शिवाय अक्काचे व्हॉट्सॲपवरचे आवाजातले मेसेज होते : "उद्या दहाला बँकेत या, आधार आणा, घरात सांगू नका." ज्यांनी मेसेज पुसले नव्हते त्यांच्यामुळे बाकीच्यांची बाजू टिकली. म्हणून सांगते, फोनची मेमरी भरली म्हणून काही पुसू नका आणि रोख देताना, समोर सख्खी बहीण असली तरी, वहीत तिची सही घ्या.

कंपन्यांकडे आम्ही लेखी तक्रारी दिल्या. प्रत्येक कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव-नंबर शाखेत लावावा लागतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, फोन १४४४८. यातून इतकं झालं की रात्रीचं येणं थांबलं आणि दोन कंपन्यांनी हप्ते लहान करून मुदत वाढवली. कर्ज माफ झालं नाही. होणारही नाही.

हे ठासून सांगते, कारण माफीच्या नावाने आमच्याकडे दुसरा ठक आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने वसुलीच्या जुलमाविरुद्ध वटहुकूम काढला. दहा वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड. गावात बातमी पोचली ती "फायनान्सचं कर्ज माफ" अशी. लगेच एकजण "माफीचा अर्ज" भरून द्यायला पाचशे रुपये घेत फिरू लागला. त्या वटहुकमातली सूट विनापरवाना, विनानोंदणी सावकारीच्या कर्जाला आहे. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या कंपनीचं कर्ज त्यात बसत नाही. आधीच पोळलेल्या बायकांनी त्यालाही पाचशे दिले. माणूस अडला की पाचशे रुपये आशेवर घालवतोच, त्यांना काय बोलणार.

मग स्वस्त कर्ज मिळतं कुठे? मिळतं, पण त्याला वेळ लागतो आणि अक्काने विकली ती हीच वेळ. आमच्या सोसायटीत सभासदाला चौदा टक्क्यांनी कर्ज आहे. त्यासाठी आधी शेअर घ्यावा लागतो, दोन जामीन लागतात, कमिटीची मीटिंग व्हावी लागते. बायकांची अडचण जामिनाशी येते. उतारा सासऱ्यांच्या नाहीतर दिराच्या नावावर, पगाराची स्लिप नवऱ्याची, म्हणजे कर्ज काढायचं तर घरात सगळ्यांना सांगणं आलं. अक्काकडे ते नव्हतं. "घरात सांगू नका" हे तिचं वाक्य नुसती धमकी नव्हती, ती बायकांना सोयीचीच गोष्ट होती.

यावर आमच्याकडे एक वाट निघाली, ती पिग्मीची. रोज वीस-पन्नास रुपये भरले की काही महिन्यांनी त्या ठेवीवरच कर्ज मिळतं, त्याला जामीन लागत नाही. रक्कम लहान असते, पण कौलं शेकारायला पुरते. ज्यांचा बचत गट नीट चाललाय आणि बँकेशी जोडलेला आहे, त्यांना तर राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, म्हणजे आपल्याकडच्या संजीवनीत, गटाला तीन लाखांपर्यंत सात टक्क्यांनी कर्ज आहे. आणि ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांनी पीककर्जासाठी प्राथमिक कृषी पत्तीन संघाची, म्हणजे गावच्या शेतकी पतसंस्थेची, पायरी चढावी, पाच लाखांपर्यंत बिनव्याजी आहे. आपल्या शेजारच्या गदगजवळ कणगिनहाळला १९०५ साली देशातली पहिली कृषी पतसंस्था निघाली ती सावकाराच्या जाचातूनच. तेव्हा तो भाग धारवाड जिल्ह्यात होता. सव्वाशे वर्षं होत आली तरी आमच्या गल्लीत शेकडा पाच चालतंय, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

सोसायटी म्हटली की डोळे झाकून जावं असंही नाही. बेळगावात सोसायट्या आणि सौहार्द संस्थांच्या पाट्या गल्लोगल्ली आहेत. पाटीवरचा नोंदणी क्रमांक सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात विचारता येतो. कर्जाआधी "फाईल चार्ज" फोन-पेवर मागितला तर तिथूनच परत फिरा. खरी संस्था फी कापते ती मंजूर रकमेतून, पावतीवर. आणि दर सांगितला की तो फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर, की घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायचं राहिलंय तेवढ्यावरच, हे विचाराच. पन्नास हजार, दोन वर्षं, बारा टक्के फ्लॅट, म्हणजे हप्ता २,५८३. हाच हप्ता घटत्या शिलकीवर मोजला तर दर साडेएकवीसच्या पुढे जातो. आमची चौदावाली सोसायटी त्यापेक्षा स्वस्त पडते, हे बाराचा आकडा ऐकून कळत नाही.

आपल्या नावावर काय काय चढलंय हे बघायला चारही क्रेडिट ब्युरो वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात. मी सासूबाईंचा काढला, तेव्हा तिसरं कर्ज त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. पाच हजार त्यांनी "दुसऱ्या कर्जाचेच राहिलेले" म्हणून घेतले होते.

आमची तक्रार तपासात आहे. या बाईने आमच्याच गावात गट केले नाहीत, चंदगड रस्त्यावरच्या आणखी गावांतही केलेत, असं पोलिसांकडूनच कळलं. त्या गावांतल्या बायकांनी वेगवेगळ्या तक्रारी देण्यापेक्षा पासबुक, हप्त्याचं कार्ड आणि ते आवाजातले मेसेज घेऊन एकत्र यावं. जितकी पासबुकं शेजारी येतील तितकं ते दहाला बँकेत बोलावणं सिद्ध करायला सोपं जाईल.