बोया बीवाय-एम१: हजार रुपयांचा कॉलर माईक कोर्सच्या रेकॉर्डिंगला पुरतो का?

पुरतो, पण खोलीने साथ दिली तर.

बोयाचा हा वायरवाला कॉलर माईक पुण्याच्या तापकीर गल्लीत साधारण हजाराच्या आसपास मिळतो. फळ्यासमोर उभं राहून मोबाइलवर रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी या किमतीत त्याला फारशी तोड नाही. वायर सहा मीटर लांब, त्यामुळे मोबाइल ट्रायपॉडवर दूर ठेवला तरी माईक छातीशीच राहतो. खरी किंमत याचीच आहे. तोंडापासून माईकचं अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलने पडतो, खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. महागड्या मोबाइलवर आठ फुटांवरून केलेला तास न्हाणीघरात घेतल्यासारखा वाटतो तो यामुळेच.

वायरवरच्या डबीवर एक स्विच आहे आणि निम्म्या तक्रारी तिथेच जन्मतात. मोबाइलसाठी तो ‘ऑफ/स्मार्टफोन’कडे ठेवायचा, तिथे सेल लागत नाही. कॅमेऱ्यासाठी ‘ऑन’, तेव्हा आतला एलआर४४ बटण सेल खर्च होतो. स्विच ऑनच राहिला तर ऐन शूटिंगच्या दिवशी सेल संपलेला असतो.

दुसरी भानगड पिनेची. हिच्यावर तीन रेघा आहेत, म्हणजे मोबाइलची पिन. लॅपटॉपला माईक आणि हेडफोनची वेगवेगळी भोकं असतील तर एका पिनेच्या दोन पिना करणारा स्प्लिटर घ्या. मोबाइलला गोल जॅकच नसेल तर टाइप-सी कन्व्हर्टर लागेल, तोही माईक चालवणारा. काही स्वस्त कन्व्हर्टरमधून फक्त ऐकू येतं. मोबाइल गुपचूप स्वतःचाच माईक वापरत राहतो आणि कळतं ते एडिटिंगला बसल्यावर. दुकानातच, आपल्याच मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून आधी कॉलर माईकवर आणि मग मोबाइलच्या खालच्या कडेवर नखाने टकटक करा. कुठली टकटक मोठी आली ते हेडफोनवर ऐका, मग पैसे द्या.

माईक हनुवटीखाली वीतभर, छातीच्या मध्यावर लावावा. मंगळसूत्र, ओढणी, आयकार्डाची दोरी यांतलं काहीही त्याला घासता कामा नये. ती खरखर नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट निघत नाही. क्लिपजवळ वायरचा छोटा वेढा घेऊन ती चिकटपट्टीने कपड्याला आतून चिकटवा, म्हणजे हात फळ्याकडे गेला की हिसका माईकपर्यंत पोचणार नाही.

आता उणी बाजू. हा माईक चारी दिशांचा आवाज सारखाच घेतो. पंखा, शेजारचा कुकर, रिक्षाचा हॉर्न, सगळं येतं. पंखा आणि फ्रिज बंद करा, फ्रिजवर मात्र ‘पुन्हा चालू करा’ अशी चिठ्ठी लावा. फरशी आणि उघड्या भिंतींची खोली असेल तर कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या बाजूंना गोधड्या टांगा आणि कपड्यांचं कपाट उघडं ठेवा. टाळी वाजवल्यावर मागे घुमाऱ्याची शेपटी ऐकू येत असेल तर अजून एक गोधडी. पेठेत राहणाऱ्यांनी दुपारची वेळ धरावी. नदीपात्राजवळच्यांनी गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत संध्याकाळचा नाद सोडावा. ढोलपथकांच्या सरावापुढे कुठलाच माईक टिकत नाही.

बसून, स्क्रीन दाखवत शिकवणार असाल तर हा माईक घेऊच नका. तिथे सॅमसन क्यू२यूसारखा यूएसबी डायनॅमिक माईक बरा. किंमत कितीतरी जास्त, पण तो समोरचंच प्रामुख्याने ऐकतो, शिवाय हेडफोन थेट त्यालाच लागतो. तोंडापासून चार बोटं ते वीतभर अंतरावर, थोडा तिरका ठेवा. समोरासमोर धरला तर ‘फळा’, ‘भागाकार’ म्हणताना प्रत्येक फ-भचा फटका बसतो. ब्लूटूथ इअरफोनचा विचारही नको. माईक चालू झाला की त्याचा आवाज फोनकॉलसारखा चपटा होतो.

दोन्ही माईकांत रेकॉर्डिंगची लेव्हल अशी ठेवा की सर्वांत मोठा शब्द उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि तो पुन्हा शिवता येत नाही. सुरुवातीला दहा सेकंद गप्प राहा. तो शांततेचा तुकडा ऑडॅसिटी या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या नॉइज रिडक्शनला नमुना म्हणून द्यायचा. तिथे सहा ते बारा डेसिबलच्या पुढे जाऊ नका, नाहीतर बोलणं पाण्याखालून आल्यासारखं लागतं. लॅपटॉपवर सतत घूं ऐकू येत असेल तर माईक बदलायच्या आधी चार्जर काढून पाहा. बऱ्याचदा दोष घरातल्या अर्थिंगचा निघतो.