साफ करतो म्हणाला अन् फिल्टरच काढून घेतला

आमची डिझेल गाडी 2021ची, म्हणजे बीएस-6, धुराच्या कडक नियमातली. घरापासून गंजगोलाईतलं दुकान जेमतेम तीन किलोमीटर, रोजची धाव तेवढीच. एक दिवस डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. लातुरातल्याच एका गॅरेजवाल्यानं कॉम्प्युटर जोडून बघितलं अन् म्हणाला, "मालक, डीपीएफ चोक झालाय. नवा घालायचा तर लाखाच्या घरात जाईल. मी 14,500मध्ये धुऊन देतो."

डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी, मधाच्या पोळ्यासारखी. साठलेली काजळी साधारण सहाशे अंशाला आतच जळून जाते, पण त्यासाठी गाडी वीसेक मिनिटं सलग वेगात पळायला लागते. तीन किलोमीटरात सायलेन्सर धड तापतही नाही. गाडी एकदा नांदेड रोडला घातली असती तर कदाचित तेवढ्यावर भागलं असतं. हे सगळं कंपनीच्या पुस्तकात होतं. पुस्तक ड्रॉवरमध्ये, प्लास्टिकसकट.

संध्याकाळी गाडी मिळाली. दिवा गेला, पिकअप वाढला. खूश होऊन मीच तिघांना त्याचा नंबर दिला! पुढं पीयूसीही निघाली. पीयूसी सेंटरवरच्या पोरानं नंबर प्लेटचा फोटो काढला, सायलेन्सरात नळी घातलीच नाही, कागद हातात दिला. मीही घाईत होतो, गप्प घेतला.

दिवाळीला मेव्हणा आला. म्हणाला, "दाजी, सायलेन्सरात बोट घालून बघा. बीएस-6 डिझेलचं तोंड आतून साफ राहतं." माझं बोट काजळाच्या डबीत बुडवल्यासारखं निघालं. गाडी रॅम्पवर चढवली. डीपीएफच्या डब्याला वेल्डिंगची जाड शिवण, अन् पान्यानं ठोकलं तर रिकाम्या पिंपासारखा आवाज. डबा कापून जाळी काढली होती. सॉफ्टवेअर बदलून दिवा कायमचा झोपवला होता. साफ करायला डबा कापावा लागत नाही, नट-क्लॅम्प सोडले की तो अख्खा निघतो.

दुसऱ्या पीयूसी सेंटरवर इंजिन गरम करून, नळी घालून, पुन्हा पुन्हा रेस देऊन रीतसर तपासणी करून घेतली. आकडा आला 1.38. बीएस-6ला मर्यादा 0.7. आणि हे यंत्र मोजतं धुराचा काळेपणा. डोळ्याला न दिसणारे कण त्यात नीट सापडतच नाहीत. म्हणजे पास झाली तरी जाळी जागेवर आहे असं धरू नका.

गॅरेजवाल्याला विचारलं, तर म्हणे, "राखच होती त्यात, फेकून दिली." फेकतोय कशाला? जाळीवर प्लॅटिनमसारख्या धातूचा मुलामा असतो, भंगारात तिला चांगला भाव आहे. मी पैसेही दिले अन् मालही. बिलावर नुसतं 'सर्व्हिसिंग'. 'डीपीएफ साफ करून तोच बसवला' एवढी ओळ लिहून घेतली असती तर भांडायला तोंड राहिलं असतं.

नंबर दिलेल्या तिघांपैकी दोघांकडं रविवारी जाऊन आलो. एकाचं बोट काळं निघालं.