स्टा-बिल (लाल बाटली, पडून असलेलं पेट्रोल खराब होऊ नये म्हणून टाकायचा स्टॅबिलायझर): एप्रिल ते नोव्हेंबर वापरून झाल्यावर

मिनेसोटात बर्फ वितळला की स्नोमोबिल (बर्फावर चालणारी गाडी) थेट पुढच्या हिवाळ्यापर्यंत गॅरेजमध्ये पडून. गेल्या वर्षी तिची उन्हाळ्याची तयारी एका दुकानाकडे सोपवली होती. बिलात स्टॅबिलायझर लावला होता, तरी थंडीत गाडी सुरूच होईना. कार्ब्युरेटर उघडले तर फ्लोट बोलच्या (पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या) तळाला हिरवट चिकट थर, पायलट जेटचं (कमी वेगाला पेट्रोल सोडणाऱ्या नळीचं) बारीक भोक पार बुजलेलं. वर साफसफाईचे पैसेही माझ्याकडूनच! खूप वाद घातला, थोडी सूट मिळाली, राग अजून आहे.

म्हणून यंदा सगळं घरीच केलं. अडीच गॅलन पेट्रोलला एक औंस स्टा-बिल, म्हणजे साडेनऊ लिटरला ३० मिली. टाकी जवळपास भरून घेतली, म्हणजे आत हवा कमी आणि दमटपणाही कमी. पेट्रोल मुद्दाम नॉन-ऑक्सी (इथेनॉल नसलेलं) घेतलं. ते महाग पडतं, पण १० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल त्याच्यासकट तळाशी बसतं, आणि मग कुठलंही औषध ते परत मिसळू शकत नाही.

आता खरा मुद्दा. स्टॅबिलायझर टाकून इंजिन पाच-दहा मिनिटं चालवलंच पाहिजे (गॅरेजचं दार उघडं ठेवून), नाहीतर ते टाकीतच राहतं आणि कार्ब्युरेटरमध्ये जुनंच पेट्रोल. मग पेट्रोलचा कॉक बंद करून बोलचे ड्रेन स्क्रू सोडा. गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवली तरी तळाशी थोडं पेट्रोल उरतंच, आणि उडून जाताना तेच जेट बुजवतं. मी खाली बरणी धरली, दोन्ही बोलमधून पेट्रोल आलं. दुकानाने एवढे दोन स्क्रू फिरवले असते तर माझे पैसे वाचले असते.

एप्रिलमध्ये वाटलं होतं, बोल रिकामेच करायचे तर बाटलीवर खर्च कशाला? आता मत बदललं. टाकीत आणि नळ्यांत पेट्रोल राहतंच, आणि नोव्हेंबरमध्ये ते स्वच्छ होतं, आंबूस वासही नाही. बोल कोरडे म्हणून दोरी जास्त ओढावी लागली, फॉगिंग ऑइलचा (साठवणीआधी गंज लागू नये म्हणून इंजिनात फवारलेल्या तेलाचा) धूर झाला, मग आयडलिंग एकदम सुरळीत.

कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनवाल्या गाड्यांना बोल नसतात. त्या पेट्रोल संपेपर्यंत चालवू नका, पंप खराब होतो.

उघडलेली बाटली दोन वर्षांत संपवायची असते. उरलेली लॉनमोअरला वापरतोय.