बेरात की जिरोकास्तर: अल्बानियात मुक्काम कुठे करावा?

अल्बानियाच्या डोंगराळ दक्षिणेतील ही दोन्ही गावे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत एकाच नोंदीखाली आहेत. जिरोकास्तर २००५ मध्ये आणि बेरात २००८ मध्ये तीत आले. एकच रात्र हाती असेल, तर मी बेरात निवडेन. तेथील किल्ल्याच्या तटबंदीत आजही कुटुंबे नांदतात, काही जुन्या घरांत पाहुण्यांसाठी खोल्या आहेत आणि सोळाव्या शतकातील चित्रकार ओनुफ्री याच्या नावाचे संग्रहालयही तेथेच आहे. खाली ओसुम नदीकाठी उतारावर एकावर एक रचल्यासारखी पांढरी घरे दिसतात आणि त्यांच्या खिडक्यांच्या ओळी संध्याकाळी उजळतात, तेव्हा पुलावरून पाय निघत नाही. राजधानी तिरानाहून हे गाव जवळही पडते.

जिरोकास्तर अधिक कठोर, पण तितकेच देखणे आहे. छपरांवर करड्या दगडी फरश्या, रस्त्यांवर गुळगुळीत दगड आणि चढ असा की चाकांची बॅग उचलूनच न्यावी लागते. त्यामुळे गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांसाठी येथे खोली घेताना गाडी दारापर्यंत येते का, हे आधीच विचारावे. मात्र प्राचीन अवशेषांची ओढ असणाऱ्यांनी येथेच दोन रात्री राहावे, कारण ग्रीक नाट्यगृह आणि रोमन स्नानगृहे असलेले बुत्रिंत हे प्राचीन शहर येथून किनाऱ्यावरील सारांदा शहरामार्गे एका दिवसात पाहून परतता येते.