डिस्क फिरत होती, गाणं मोबाईलमधून येत होतं

इंदूरमध्ये कुणी "इम्पोर्टेड हाय-एंड सीडी प्लेयर, एकच मालक, घरगुती वापर" अशी जाहिरात दाखवली तर आधी हे वाचा. माझे १,४५,५०० रुपये गेलेत. प्लेयरचे ८५,०००, ॲम्प्लिफायरचे ४२,००० आणि "शुद्ध चांदीच्या" केबलचे १८,५००.

सेकंडहँडच्या बाजारात काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे, मलाही होतं. टोकन मागून गायब होणारे, खोक्यात विटा पाठवणारे, असल्यांच्या नादी मी कधीच लागलो नाही. म्हणून तर माणसाच्या घरी गेलो, समोर बसून ऐकलं, मग पैसे दिले. आणि नेमकं ते ऐकवणंच खोटं होतं.

माणूस आपल्यातलाच. साठीचा, मराठी, बोलायला गोड. दिवाणखान्यात कोपऱ्यात तानपुरा. "अहो, आमच्याकडे अमीर खाँसाहेबांशिवाय सकाळ होत नाही," म्हणाला. उस्ताद अमीर खाँ म्हणजे इंदूर घराण्याचे गवई. इंदूरच्या माणसाला हे ऐकवल्यावर तो संशय कशाला घेईल?

प्लेयरचा डिस्प्ले काळा होता. विचारलं तर म्हणाला, "प्युअर डायरेक्ट मोडवर आहे. डिस्प्ले बंद ठेवला की आवाज स्वच्छ येतो." ही सोय चांगल्या प्लेयरमध्ये खरोखरच असते, मी वाचलेलं होतं, म्हणून पटलं. अर्धं खरं सांगून फसवतात हे लोक. डिस्प्ले चालू करायला लावा. डिस्क वाचली गेली की ट्रॅक किती आणि एकूण वेळ किती ते आकडे दिसतातच. आकडे नाहीत म्हणजे मशीनने डिस्क वाचलेलीच नाही.

मी माझ्या सीडी नेल्या होत्या. "तुमच्या नंतर लावू, आधी मशीन जरा तापू दे," म्हणत त्याने स्वतःची लावली. झरोक्यातून डिस्क फिरताना दिसत होती. विलंबित ख्याल सुरू झाला, आवाज भरदार, खोली भरून गेली. तेवढ्यात आतल्या खोलीत त्याचा मोबाईल वाजला आणि गाणं थांबलं. तो लगबगीने आत गेला, फोनची रिंग बंद झाली, आणि गाणं थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं. बाहेर येऊन म्हणाला, "ओरखडा आहे हो डिस्कवर."

हाच तो क्षण. आजही आठवला की डोकं भणभणतं. खाँसाहेबांच्या गाण्यात विराम असतात, म्हणून कानाला पटकन खटकलं नाही. पण गवई थांबतो, तानपुरा थांबत नाही. इथे तानपुराही गप्प झाला होता! ओरखड्याने सीडी अडकते, उडी मारते, तोच तुकडा परत परत वाजवते. फोन आला म्हणून सीडी थांबत नाही, ब्लूटूथ थांबतं. ॲम्प्लिफायरच्या मागे काडेपेटीएवढी काळी डबी होती, निळा दिवा लुकलुकत होता. "ते वायफायचं," म्हणाला. ॲम्प्लिफायरच्या सिलेक्टरचा खटका 'सीडी'वर नव्हता, 'ऑक्स'वर, म्हणजे बाहेरून जोडलेल्या दुसऱ्या उपकरणावर होता. मी म्हटलं तिसरा ट्रॅक लावा, तर म्हणे, "ख्याल मध्येच तोडू नये." गाण्यावर प्रेम असलेला कुठला माणूस यावर वाद घालेल?

यूपीआयने खासगी माणसाला दिवसाला १ लाखाच्या वर जात नाहीत, म्हणून १,००,००० त्याच्या "भाच्याच्या" खात्यावर आणि ४५,५०० रोख. खातं दुसऱ्याच्या नावाचं असेल तर तिथूनच उठा. पावती मागितली तर "आपल्यात कसली पावती!"

घरी आणून लावला तर "नो डिस्क". कुठलीही सीडी घाला, तेच. महाराणी रोडवरच्या मेकॅनिकने झाकण उघडलं. स्क्रूच्या खाचा आधीच झिजलेल्या, लेझर पूर्ण मेलेला, आणि या मॉडेलचा पिकअप, म्हणजे लेझरचा भाग, नवा मिळत नाही. चांदीची केबल त्याने माझ्यासमोर सोलली, आत तांबं. त्या गृहस्थाला फोन केला तर "मी दिला तेव्हा चालू होता, तुमच्या घरचं व्होल्टेज बघा." मग नंबर ब्लॉक.

पोलीस ठाण्यात आवेदन घेऊन गेलो तर "टीआय साहब गश्त पर हैं." टीआय म्हणजे ठाण्याचे प्रमुख. भेटले तेव्हा, "सामान तो मिला ना आपको? फिर ठगी कैसी? सिविल मैटर है." सायबरवाले म्हणाले, समोरासमोरचा व्यवहार आहे, आमच्याकडे येत नाही. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. वकील म्हणाले, तो स्वतःला दुकानदार म्हणवत नाही, बिल नाही, ग्राहक आयोगात अवघड जाईल. ऑनलाईन तक्रार टाकली तर फोन आला, "सर, समाधान हो गया ना? शिकायत बंद कर दें?" कसलं समाधान? कुणी केलं? नाही म्हणालो तरी दुसऱ्या दिवशी 'निराकृत' असा मेसेज! मेलेलं मशीन चालू आहे असं भासवून विकलं, ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) मध्ये याला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण कलम वाचायला कुणाला वेळ नाही. ठाण्यात एफआयआर घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) खाली वरिष्ठांना लेखी, पोस्टाने कळवता येतं. मी कळवलंय, पोच जपून ठेवलीय.

जुना प्लेयर घ्यायचाच असेल तर तुमचीच डिस्क घाला, जमल्यास घरी कॉपी केलेली सीडी-आरही. दमलेला लेझर आधी तिच्यावरच अडखळतो. शेवटचा ट्रॅक वाजवून बघा. हेडफोनचं छिद्र असेल तर थेट प्लेयरला लावा. मागची पट्टी वाचा. १०० व्होल्ट लिहिलं असेल तर तो जपानमधल्या वापरासाठीचा आहे, आपल्या २३० वर लावलात की जळाला. आणि सगळ्यांचे मोबाईल बंद करायला सांगा, त्याचासुद्धा.

त्याची नवी जाहिरात आली आहे. तोच दिवाणखाना, तोच तानपुरा, प्लेयर वेगळा, किंमत ९०,०००. या आधी त्याच्याकडून कुणी घेतलं असेल तर व्यवहाराचे स्क्रीनशॉट आणि फोटो जपून ठेवा आणि मला कळवा. एकट्याच्या आवेदनाला सिविल मैटर म्हणतात, चार जणांचं एकत्र गेलं तर टीआय साहेबांना बसून ऐकावं लागेल.